शरीररचना आणि पेशीजीवशास्त्रातलं संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी शिकवते. बारावीची मुलं, त्यांचे पालक, बी.एस्सी. झूलॉजी करणारे, एम.डी.ला कुठली ब्रँच घ्यावी या विचारात पडलेले आमचेच माजी विद्यार्थी, देहदानाचा फॉर्म भरायला आलेले आजी-आजोबा, असे सगळे जण येऊन प्रश्न विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

शरीर तर हजारो वर्षं तेच आहे. अ‍ॅनाटॉमीत आता नवीन शोधायचं काय उरलंय?

आधी एक करून बघा. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध कातडीखाली दोरीसारखं काही ताठ वर आलं? ती पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर. आली नसेल तर डाव्या हातावर बघा. बऱ्याच जणांच्या एका हातात हा स्नायू असतो आणि दुसऱ्यात नसतो, काहींच्या दोन्ही हातांत नसतो, आणि त्यांचं काही अडत नाही. प्लास्टिक सर्जन दुसरीकडची तुटलेली कंडरा जोडायला हीच कंडरा काढून घेतात. त्यामुळे कुठल्या समाजात ती किती जणांत नसते, हा प्रश्न थेट ऑपरेशन थिएटरशी जोडलेला आहे. हे प्रमाण समाजागणिक बरंच बदलतं.

म्हणजे पुस्तकातलं चित्र एका सरासरी माणसाचं असतं, आणि तसा माणूस आमच्या टेबलावर सहसा येत नाही. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं, सर्कल ऑफ विलिस, ते पुस्तकात दाखवतात तसं पूर्ण आणि सारखं निम्म्याहून कमी माणसांत सापडतं.

आणि शरीर ‘तेच’ आहे हेही पूर्ण खरं नाही. गर्भाच्या हातात मीडियन आर्टरी नावाची एक रक्तवाहिनी असते. बाजूच्या दोन मोठ्या वाहिन्या वाढल्या की ती बहुधा विरून जाते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की १८८० च्या दशकाच्या मध्यास जन्मलेल्यांपैकी सुमारे १० टक्के लोकांत ती मोठेपणीही टिकून होती, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेलं. मनगटातली नस दबते म्हणून ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला ही वाहिनी अचानक समोर आलेली परवडत नाही.

आणखी एक. मेंदूच्या भागात लसीकावाहिन्या (ऊतींमधला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) नसतात असं मी स्वतः परीक्षेत लिहिलं आहे आणि त्याचे मार्कही मिळवले आहेत. २०१५ मध्ये मेंदूच्या आवरणात त्या आहेत हे उंदरांमध्ये स्पष्ट दाखवलं गेलं, आणि नंतर माणसांतही त्या दिसल्या. आता अल्झायमरसारख्या आजारांत मेंदूतला कचरा बाहेर जाण्याशी त्यांचा काय संबंध, यावर जगभर काम सुरू आहे.

अ‍ॅनाटॉमी म्हणजे डिसेक्शन, आणि पेशीजीवशास्त्र म्हणजे लॅब. मग परदेशातल्या विद्यापीठांत दोन्ही एकाच विभागात का असतात?

कारण एकातून दुसरं उगवलं. इटलीत कामिलो गोल्जी नावाचा डॉक्टर हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत मेंदूचे तुकडे चांदीच्या क्षारांत बुडवत होता. १८७३ मध्ये त्याला असं रंजन (पेशी रंगवण्याची पद्धत) साधलं, की हजारो चेतापेशींपैकी मोजक्याच काळ्याभोर होतात आणि फांद्या-उपफांद्यांसकट पूर्ण दिसतात. स्पेनच्या रामोन इ काहालने हीच पद्धत उचलून प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते हे दाखवलं. गोल्जीला ते मान्य नव्हतं. तरी १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. त्याच रंजनाने गोल्जीला १८९८ मध्ये पेशीच्या आत एक जाळी दिसली, आणि आज नववी-दहावीची मुलं ‘गोल्गी पिंड’ म्हणून तिची आकृती काढतात. मेंदूची रचना बघायला काढलेली पद्धत आणि पेशीच्या आतला अवयव, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच बाटलीतून आले.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातले अ‍ॅनाटॉमिस्ट मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी बर्ट्राम मांजरांच्या चेतापेशी थकल्यावर त्यांच्यात काय बदल होतो ते तपासत होते. स्लाइड बघताना काही मांजरांच्या पेशींच्या केंद्रकात एक गडद ठिपका दिसे, काहींत दिसत नसे. नोंदी काढून पाहिल्या तेव्हा कळलं, की ठिपका असलेली सगळी मांजरं माद्या होत्या. हे १९४९ मध्ये प्रसिद्ध झालं. १९६१ मध्ये मेरी लायनने त्याचं कारण मांडलं, की मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक प्रत्येक पेशीत आवळून निष्क्रिय केलं जातं. ज्या प्रश्नासाठी स्लाइड बनवल्या होत्या तो बाजूला राहिला. पण प्रत्येक स्लाइड कुठल्या प्राण्याची, नर की मादी, हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून हा शोध लागला. माझ्या विद्यार्थ्यांना मी लेबल लिहिण्यावरून जे बोलते, त्यामागे ही गोष्ट आहे.

मग हाडांची नुसती मोजमापं घेणं हेही संशोधन आहे का?

हाडं कुणाची आहेत हे माहीत असेल तर आहे.

माझा स्वतःचा थीसिस मांडीच्या हाडांवरच्या छिद्रांचा होता, ज्यांतून हाडाला रक्तपुरवठा करणारी वाहिनी आत शिरते. विभागातल्या पेटीत असलेली हाडं घेतली, व्हर्नियर कॅलिपरने मोजली, तक्ते केले. एका नियतकालिकाने लेख परत पाठवताना एकच प्रश्न विचारला : ही हाडं स्त्रियांची किती, पुरुषांची किती, वयं काय? पेटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षांचं काम त्या एका रिकाम्या रकान्यामुळे कमकुवत झालं. असे थीसिस अजूनही होतात याचं मला वाईट वाटतं. आता मोजमापासाठी सीटी स्कॅन वापरता येतात, वय आणि लिंग नोंदलेलं असतं, संख्या मोठी मिळते. रेडिओलॉजी विभागाशी बोलून घ्या, एथिक्स कमिटीची मंजुरी काढा आणि मगच सुरुवात करा.

हाडांचंच, पण फार वेगळं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये झालं. घोड नदीकाठच्या इनामगावला इसवीसनपूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यान शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथे लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांना पुरताना पावलं तोडलेली असत. त्या मुलांच्या दुधाच्या दातांच्या इनॅमलवरचे खड्डे अभ्यासकांनी तपासले. दात तयार होत असताना पोटाला मिळालं नाही किंवा आजारपण आलं, की त्याची खूण इनॅमलवर कायमची राहते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या तान्ह्या लेकराचे हाल दातावरून वाचता येतात. फोरेन्सिकचं कामही याच ज्ञानावर उभं आहे. सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा हे सांगायला कटीचं हाड सगळ्यांत भरवशाचं.

गर्भविज्ञानात माणसाच्या गर्भावर प्रयोग करतात का?

आमच्यासारख्या विभागांत नाही. निसर्गतः किंवा वैद्यकीय कारणाने गर्भपात झालेले गर्भ आई-वडिलांच्या लेखी संमतीने आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीने अभ्यासले जातात. प्रयोग होतात ते बहुतेक कोंबडीच्या अंड्यांवर, झेब्राफिश नावाच्या छोट्या माशावर, उंदरांवर.

कोंबडीचं फलित अंडं अडतीस अंशांच्या आसपास उबवायला ठेवा. दोन दिवसांनी कवचाला वरच्या बाजूने छोटी खिडकी कापा. पिवळ्या बलकावर लाल दोऱ्यांचं वर्तुळ दिसतं आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उडत असतो. ते हृदय. तिथे अजून चोच नाही, पंख नाहीत, पण हृदय चालू आहे. पहिल्यांदा हे बघताना पूर्ण बॅच गप्प होते, दरवर्षी.

रिटा लेव्ही-मोंताल्चिनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ज्यू असल्यामुळे विद्यापीठाची दारं बंद झाल्यावर, घरातल्या खोलीत अशाच अंड्यांवर काम सुरू ठेवलं. पुढे नसांची वाढ घडवणारा घटक तिने शोधला आणि १९८६ चं नोबेल स्टॅन्ली कोहेनबरोबर मिळालं.

या शाखेचा आपल्या घरांशी किती जवळचा संबंध आहे ते सांगते. गर्भात पाठीवर एक खाच तयार होते, तिचे काठ जुळून नळी बनते, आणि त्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो. ही नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळाचा मेंदू घडत नाही किंवा पाठीचा कणा उघडा राहतो. १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं, की आधी असं बाळ झालेल्या आयांनी फोलिक अ‍ॅसिड घेतलं, तर हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. पण २८ दिवस म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येण्याचा काळ. डॉक्टरांकडे जाऊन गोळी सुरू होईपर्यंत नळी मिटलेली किंवा उघडी राहिलेली असते. म्हणून गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून हवी. मूल हवं असं ठरवलेल्या प्रत्येक बाईला हे माहीत असायला हवं. सर्वसाधारण डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधी असं बाळ झालं असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

हिस्टॉलॉजीची (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघण्याच्या शास्त्राची) स्लाइड बनवणं हे तर टेक्निशियनचं काम. संशोधकाने का शिकायचं?

कारण स्लाइडवर दिसणारं काय शरीरातलं आहे आणि काय आपल्या हातून झालेलं आहे, हे बनवल्याशिवाय कळत नाही.

ऊतीचा तुकडा आधी तो कुजू न देणाऱ्या फॉर्मालिनमध्ये, मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये, मग झायलीनमध्ये, मग साठ अंशांच्या आसपास वितळलेल्या मेणात. मेण गार झालं की ब्लॉक तयार. मायक्रोटोमचं चाक फिरवायचं आणि पाच मायक्रॉनचे काप काढायचे. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकेही जाड नसतात. काप एकमेकांना चिकटून रिबीन निघते. ती कोमट पाण्यावर अलगद सोडली की सुरकुत्या आपोआप पसरून जातात आणि खालून काच सरकवून ती उचलायची. पातं बोथट असेल तर कापावर रेघा येतात, अल्कोहोलची घाई केली तर पेशी आकसून मधे पांढऱ्या फटी दिसतात. एका मुलीने त्या फटींना ‘सूज’ म्हणून प्रबंधात लिहिलं होतं. तिची चूक नव्हती, तिला कुणी ब्लॉक बनवायलाच बसवलं नव्हतं.

नेहमीचं रंजन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. केंद्रक निळं-जांभळं, बाकी पेशी गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून येतं. आता प्रतिपिंडांना रंग जोडून एखादं ठरावीक प्रथिनच दाखवता येतं, चमकणारी प्रथिनं वापरता येतात. साधा सूक्ष्मदर्शक साधारण २०० नॅनोमीटरच्या खाली दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही, ती मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतींना २०१४ चं नोबेल मिळालं. साधनं बदलली, तरी तुकडा फॉर्मालिनमध्ये वेळेत पडला का, हा प्रश्न अजून पहिलाच आहे.

सेल कल्चर म्हणजे नेमकं काय करतात? आणि हेला पेशींबद्दल एवढं का बोललं जातं?

पेशी शरीराबाहेर, गुलाबी रंगाच्या पोषक द्रावणात, ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या पेटीत वाढवतात. फ्लास्क भरला की त्या सोडवून नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या. सुट्टी नसते. गणपती असो की दिवाळी, पेशींना मीडियम बदलून द्यावंच लागतं. एक दिवस सकाळी फ्लास्क गढूळ आणि पिवळट दिसला तर समजायचं, जिवाणू शिरले. मायकोप्लाझ्मा नावाचे अगदी बारीक जिवाणू शिरले तर तेही दिसत नाही. पेशी वरून ठीक दिसतात आणि निकाल चुकत जातात, म्हणून त्याची तपासणी ठरवून करावी लागते.

हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तिच्यावर उपचार झाले, तेव्हा गाठीचा तुकडा तिला न विचारता संशोधनासाठी घेतला गेला. ती त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेली. पेशी आजही जगभर वाढताहेत, पोलिओच्या लशीच्या कामातही वापरल्या गेल्या. तिच्या घरच्यांना कित्येक वर्षं याचा पत्ताच नव्हता. त्या इतक्या जोमदार आहेत की दुसऱ्या पेशींच्या फ्लास्कमध्ये शिरून त्यांना हटवतात, आणि त्यामुळे अनेक प्रयोगशाळा वेगळ्याच पेशी समजून हेलावर काम करत बसल्या. पेशी ओळखीच्या संस्थेकडूनच घ्या आणि डीएनए चाचणीने खात्री करा. भारतात पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये (एनसीसीएस) पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे, तिथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी दिल्या जातात.

मेंदूवर काम करायचं असेल तर भारतात सोय आहे का?

आहे, आणि गेल्या काही वर्षांत चांगली वाढली आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूंची बँक आहे. आयआयटी मद्रासच्या गटाने २०२४ मध्ये गर्भावस्थेतल्या मेंदूच्या पाच हजारांहून अधिक कापांचा त्रिमितीय डिजिटल नकाशा ‘धरणी’ या नावाने सगळ्यांसाठी खुला केला. नेटवर मोफत बघता येतो. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मी तो उघडायला लावते.

एमबीबीएस न करता या क्षेत्रात येता येतं का?

येतं. झूलॉजी, बायोटेक, मायक्रोबायॉलॉजी, लाइफ सायन्सेस, कुठूनही पेशीजीवशास्त्रात जाता येतं. पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट, आयसीएमआर आणि डीबीटीच्या जेआरएफ (पाठ्यवृत्तीच्या) परीक्षा, टीआयएफआर वगैरे संस्थांसाठीची जेजीईबिल्स ही प्रवेश परीक्षा, हे नेहमीचे रस्ते. मुंबई-पुण्यात कुलाब्याची टीआयएफआर, परळची प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची संस्था, कॅन्सरवर संशोधन करणारी खारघरची अ‍ॅक्ट्रेक, पुण्याच्या आयसर, एनसीसीएस आणि आघारकर संस्था, ही नावं डोक्यात ठेवा. काही वैद्यकीय महाविद्यालयांत एम.एस्सी. मेडिकल अ‍ॅनाटॉमीही आहे, पण त्यानंतर शिकवण्याच्या नोकरीचे नियम अनेकदा बदलले आहेत. प्रवेशाआधी त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

फॉर्मालिन तब्येतीला वाईट असतं ना?

हो. फॉर्माल्डिहाइडला २००४ मध्ये कर्ककारक ठरवलं गेलं आहे. डिसेक्शन हॉलमध्ये हवा खेळती हवी, ग्लोव्ह्ज हवेत, डोळे झोंबायला लागले तर बाहेर जावं. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये अगदी थोडं फॉर्मालिन वापरणारी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात सांधे मऊ राहतात आणि सर्जनांना सरावही करता येतो. खर्चामुळे आपल्याकडे ती फारशी पसरलेली नाही.

पडद्यावर शरीर दाखवणारी थ्रीडी टेबलं आली. आता देहदानाची गरज आहे का?

आहे. थ्रीडी टेबलावरची रक्तवाहिनी प्रत्येक वेळी त्याच जागी असते. वर लिहिलेली मीडियन आर्टरी तिथे कुणालाही अचानक भेटत नाही.

देहदान करायचं असेल तर काय करावं लागतं? पुढे त्या देहाचं काय होतं?

जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अ‍ॅनाटॉमी विभागात फॉर्म मिळतो. तो भरलात तरी प्रत्यक्षात घरच्यांची संमती लागते, म्हणून घरात आधी मोकळेपणाने बोला. मृत्यूनंतर होईल तितक्या लवकर, शक्यतो सहा-आठ तासांत, फोन करून देह पोचवावा. मृत्यूचा दाखला लागतो. नेत्रदान आधी करता येतं. पोस्टमॉर्टेम झालेला देह किंवा एचआयव्ही, हिपॅटायटिससारखा संसर्ग असलेला देह सहसा घेत नाहीत. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

पूर्वी आमच्याकडे बहुतेक देह बेवारस असत. १९४९ च्या मुंबई अ‍ॅनाटॉमी कायद्याने ते महाविद्यालयांना मिळत. त्याच्याही खूप आधी सुश्रुतसंहितेत देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला आणि मग वाळा, बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर बघायला सांगितलं आहे.

दरवर्षी पहिल्या दिवशी मुलं देहाभोवती उभी राहून शपथ घेतात. नाव त्यांना सांगत नाहीत. एकदा एका काकांचा देह आला. त्यांच्या मुलीने निघताना मला विचारलं, “बाबांच्या उजव्या गुडघ्यात लोखंड आहे, मुलांना चालेल ना?” मी म्हटलं, मुलांना त्यातून जास्तच शिकता येईल. त्या वर्षी त्या टेबलावरच्या मुलांनी सांधेबदलाच्या ऑपरेशनबद्दल इतके प्रश्न विचारले, की ऑर्थोपेडिक्सच्या सरांना दोनदा हॉलमध्ये बोलवावं लागलं. वर्ष संपल्यावर मी तिला फोन करून हे सांगितलं.